दोरीवरचे कागदी टॉवेल

"ल्युकेमिया आहे," आमच्या ह्यांचे रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्ताचा कर्करोग. हे शांतपणे म्हणाले, "चला, घरात तेवढंच आणायचं राहिलं होतं." मी मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

पहिल्या केमोथेरपीनंतर न्यूट्रोपेनिया झाला. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात, त्याला हे नाव. अशा वेळी साधा जंतूही जिवावर बेततो. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "काकू, कापडी नॅपकिन बंद. डिस्पोजेबल पेपर टॉवेल वापरा."

वारज्याच्या आमच्या घरात ते रोल पहिल्यांदाच आले. हात पुसायला, ओटा पुसायला, धुतलेली फळं कोरडी करायला. चांगला जाड, कापडासारखा कागद. एकदा हात पुसून तो फेकायचा? माझा काही जीव होईना. साडी जुनी झाली की गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, अशा घरात मी वाढले. हात पुसलेले टॉवेल मी खळबळून, हलकेच पिळून, गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालू लागले.

"उद्या चहाचा चोथाही वाळत घाल," हे म्हणाले. पण यात चूक आहे हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आठव्या दिवशी ह्यांना सणसणून ताप भरला. पुन्हा ॲडमिट. ब्लड कल्चर केलं, म्हणजे रक्तात कोणते जंतू आहेत ते शोधायची तपासणी. डॉक्टर घरातलं एकेक विचारत गेले. "पेपर टॉवेल वापरता ना?"

"हो तर! रोज धुऊन, उन्हात वाळवून." मी अगदी अभिमानाने सांगितलं.

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "काकू, डिस्पोजेबल म्हणजे काय?"

मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. "टाकून देण्याजोगं," मी उत्तर दिलं आणि देता देताच माझी चूक माझ्या लक्षात आली.

"ताप त्यानेच आला असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण पुन्हा नको. पुसा आणि टाका."

रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. बाहेरच्या बाकावर बसून मी स्वतःलाच बोल लावत होते. वॉर्डातल्या सिस्टर रोज सकाळी मुद्दाम बाहेर येऊन पेशींचा आकडा सांगायच्या. वाईट असला तरी यायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. रिपोर्टात सापडलेल्या जंतूवर औषधं दिली आणि सहाव्या दिवशी ताप उतरला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर काटकसर उपचार संपेपर्यंत गुंडाळून ठेवा. आणि डॉक्टरांचं जे अगदी कळलंय असं वाटतं, तेच पुन्हा एकदा विचारा. मला न रागावता ज्यांनी ते समजावलं, त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे.

पुढे वर्षभराने रिपोर्ट स्वच्छ आला. "आता कापडी नॅपकिन चालेल," डॉक्टर म्हणाले. घरी येताच मी कपाटातला जुना निळा नॅपकिन काढून बेसिनपाशी लावला. ह्यांनी हात धुतले, सावकाश पुसले आणि तो ओला नॅपकिन माझ्या हातात दिला.

"घे. हा वाळत घाल."