कस्तुराबाईचं इंटरव्हल

केनवडात तेव्हा इंग्रजी शिकलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि कस्तुराबाई काही त्यांतली नव्हती. पण इंग्रजी वापरण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. त्यातही तिला नाद रिकाम्या जागांच्या शब्दांचा. एसटीच्या ड्रायव्हरकडून तिनं ‘हॉल्ट’ उचलला, रिसोडच्या तंबूतल्या सिनेमातून ‘इंटरव्हल’. नवरा जेवता जेवता थांबला की लगेच विचारायची, “काहून, हॉल्ट घेतला काय?” बिचारा हसायचा, आणि पडलेल्या दोन दातांची गॅप दिसायची.

हा ‘गॅप’ मात्र तिला कामातून मिळाला. चौऱ्याहत्तर साली गावात हायब्रीड कपाशी आली. कस्तुराबाई पंधरा बायांच्या टोळीची म्होरकी. गाठी मारलेली दोरी ताणायची आणि गाठीगाठीला एकेक सरकी टोचायची. जिथं उगवलं नाही ती गॅप, असं मदनसिंग ग्रामसेवकानं सांगितलं. ती भरायला बाईनं पळसाच्या पानांच्या द्रोणांत जादा रोपं वाढवली. “हे तर मलेबी कोणी शिकवलं नव्हतं,” मदनसिंग म्हणाला. बाई आठ दिवस हवेत होती.

उकंडराव पाटलाच्या चार एकरांत सरकारी नमुन्याचा प्लॉट होता. तालुक्याचे साहेब येऊन गॅपा मोजणार होते. आदल्या दिवशी पाटील पाहायला आला आणि शेताच्या मधोमध थबकला. बैलगाडी उभी राहील एवढी जागा मोकळी! तीन बल्ल्या रोवून त्यांना लुगड्याची झोळी टांगलेली.

“अवो बाई, अठी काहून नाई लावलं?”

“अठी बायाईची लेकरं निजतात, पाटील.”

“मंग कडेच्या धुऱ्यावर निजवा ना! उद्या सायबानं प्लॉट बाद केला, तर तुमच्या टोळीनं माह्या वावरात पाय ठेवायचा नाई. सांगून ठेवतो.”

द्रोणांतली तीस रोपं सावलीला तयार होती. अर्ध्या घंट्याचं काम. पंधरा घरांच्या चुली त्या वावरावर पेटत होत्या. पण तिनं एकही रोप लावलं नाही.

वीस वर्षांपूर्वी तिची रुख्मिणी अशीच धुऱ्यावर निजली होती. आई निंदत होती पार दुसऱ्या टोकाला, वाराही उलटा. लेकरू आवाज बसेपर्यंत रडलं. आई पोचली तेव्हा दोन्ही पायांना लाल मुंग्या डसलेल्या. त्या दुपारची माफी कस्तुराबाईनं स्वतःला कधी दिली नाही. आणि आता रुख्मिणी टोळीतच कामाला होती, अन् त्या झोळीत तिचीच सहा महिन्यांची पोर होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप आली. साहेब ओळीमागून ओळ मोजत निघाले. “वा! गॅप सापडतच नाही!” पाटलाची छाती फुगली. मग साहेब मधोमध पोचले.

“आणि ही एवढी मोठी गॅप?”

पाटलाचं तोंड पडलं. मदनसिंग आपल्या चपला पाहू लागला. कस्तुराबाई खुरपं टाकून पुढं झाली.

“गॅप नाई हे, साहेब. जे यायले पायजे होतं अन् आलं नाई, ते गॅप. हे आमी आपल्या हातानं ठेवलं. मानूस येते, लेकराले पाजते, परत कामाले लागते. हे इंटरव्हल हाये!”

बाया पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसल्या. साहेब हसले नाहीत. “धुऱ्यावर का नाही बांधत झोळी?”

“रुख्मे, पाय दाखव साहेबाले. धुऱ्यावर मुंग्या डसल्या, अन् मले इचं रडणं आयकूच आलं नाई.”

पोटऱ्यांवरचे जुने वण साहेब पाहत राहिले. तेवढ्यात झोळीतली पोर कुरकुरली, आणि चारी बाजूंच्या ओळींतून साऱ्या टोळीच्या माना एकदम वळल्या. ते पाहून साहेबांनी खिशातून पेन काढलं, कागदावर दोन ओळी लिहून तो पाटलाच्या हाती दिला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

पाटलानं कागद मदनसिंगापुढं धरला. “वाच बाप्पा लवकर, जीव चालला माहा!”

मदनसिंगानं वाचलं, “गॅप, निरंक. इंटरव्हल, एक. प्लॉट मंजूर.”

बायांनी जो कल्ला केला! कस्तुराबाई मात्र नातीला झोळीतून काढून छातीशी धरून रडत बसली, आणि रडता रडता हसलीही.

पुढच्या पेरणीला दोरीचं एक टोक उकंडराव पाटलानं स्वतः धरलं. शेताच्या मध्यावर आल्यावर तो थांबला आणि ओरडला, “कस्तुराबाई, इंटरव्हल कुठी सोडू वं?”