गिरणीच्या फाटकावरची घंटा

शहरात नवा मनोरा बांधून त्यात जुन्या घंटा टांगल्या आहेत, हे पेपरात वाचल्यापासून आप्पांनी तिथं जायचा धोशाच लावला. आप्पा म्हणजे माझे वडील. वळसंगहून येऊन ते सोलापुरात कापडगिरणीचे पहारेकरी झाले. फाटक बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी घंटा वाजवायची, हे त्यांचं काम. गिरणी बंद पडल्यावर ती घंटा कुठं गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही गेलो, तर लिफ्ट बंद.

"तुम्ही बसा, मी फोटो काढून आणते."

"फोटो बघायला आलो न्हाय मी," म्हणत त्यांनी कठडा धरला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वळणावळणावर थांबत, पण चढले.

वर चार घंटा होत्या. तिसरीपाशी ते थबकले. पाटीवर लिहिलं होतं, 'जुन्या शाळेची घंटा'.

"ही आमची हाय. लोलक तुटला होता, मी गिरणीतल्या मागाचा बोल्ट घालून बसवलाय. आत बघ."

मी मोबाइलचा उजेड पाडला. लोलकाच्या मुळाशी खरंच एक गंजका बोल्ट होता.

तिथला कर्मचारी अदबीनं म्हणाला, "आजोबा, पाटी बदलायला पुरावा लागतो."

आप्पांनी अर्ज दिला. मग दर सोमवारी त्यांचे मनोऱ्याच्या कार्यालयात हेलपाटे सुरू झाले. एकदा मी वैतागले, "एका पाटीसाठी एवढं?"

"सूतखात्यातल्या बाया लेकरं घरी ठिवून धावत यायच्या," ते म्हणाले. "लांबून कुणी दिसली की मी घंटा जरा लांबवायचो, तेवढा येळ फाटक उघडं ऱ्हायचं. ते सगळं शाळेचं म्हणून कसं सोडू?"

त्यातल्याच एका तेलुगू बाईंना त्यांनी शोधून काढलं. त्या काठी टेकत कार्यालयात आल्या. "हे थांबायचे म्हणून माझा खाडा वाचायचा," असं साहेबांना सांगून त्यांनी अर्जावर अंगठा उठवला. साहेब स्वतः मनोरा चढले, बोल्ट पाहिला.

उन्हाळ्यात पाटी बदलली. तोवर लिफ्टही सुरू झाली होती, म्हणून त्या बाईंनाही घेऊन आम्ही वर गेलो. तिच्यावर गिरणीचा उल्लेख होता, पहारेकऱ्याचा नव्हता. मला वाईट वाटलं. आप्पांनी मात्र तो शोधलाही नाही. त्या बाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून ते पाटीवरची एकेक ओळ आपल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत त्यांना सांगत होते.