गाडीपुढची पितळी पाटी

आमच्या गाडीच्या पुढच्या गार्डवर माझा पहिल्या दिवसापासून राग होता. मूळचा चांगला बंपर काढून ह्यांनी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून जाड लोखंडी पाइपांचा गार्ड करून आणला. तो बसवत होते तेव्हा मी दारात उभी राहून नुसती बघत राहिले. साधी पांढरी गाडी आमची, ती एकदम उसाच्या ट्रॉल्या ओढायला निघाल्यासारखी दिसायला लागली.

कारण काय, तर मी गाडी शिकले होते. ह्यांची बायपास झाली, डॉक्टरांनी स्टेअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलं, आणि साठीला टेकलेली मी पोरापोरींच्या रांगेत बसून ड्रायव्हिंग क्लास केला. पास झाल्याचं सांगितल्यावर हे म्हणाले, "तू कुठंतरी धडकणार हे नक्की हाय. निदान पुढं लोखंड तरी असू दे की."

गार्डच्या मधोमध पितळी पाटी होती, 'श्री जोतिबा प्रसन्न'. ऑपरेशनला आत नेताना ह्यांनी नवस बोलला होता. नवस मोठा म्हणून पाटीही मोठी. या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, पुढची सगळी जाळी झाकून टाकणारी. असल्या गार्डना बंदी आहे हे मला माहीत होतं, पण आमच्या गावात देवाचं नाव पुढं असलं की कोण हात घालतोय? चौकातल्या हवालदारानं एकदा मला अडवलं, पाटी वाचली, शिट्टी तोंडातून काढून नमस्कार केला आणि जा म्हणाला. मी थक्क झाले. आणि खरं सांगायचं तर जरा खूशही झाले.

गाडी मी हौसेसाठी शिकले नव्हते. माझी आई आजऱ्यात एकटी राहते. मी एकुलती एक. तिच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती आणि त्यावर ठरावीक दिवसांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागायचं, तेही इथं आमच्या कोल्हापुरात. गुडघ्यांमुळं तिला एसटीची पायरी चढवत नाही. आमच्याकडंच राहा म्हटलं की तिचं एकच उत्तर, "लेकीच्या घरात मुक्काम करायची आमच्यात रीत न्हाई." जेवायची, दुपारची जरा आडवी व्हायची, पण दिवेलागणीच्या आत तिला आजऱ्याला परत न्यावं लागायचं. पूर्वी हे नेत होते. आता मी.

पावसाळ्यात सगळं झकास चाललं. कागल, निपाणी, उत्तूर, आजरा. आई बाहेर आली की आधी गाडीच्या पुढं जायची, पाटी हातानं चाचपायची, तो हात कपाळाला लावायची आणि मगच आत बसायची. अक्षरं तिला धड दिसत नव्हती, बोटांना मात्र कळत होती.

गणपती गेले, ऊन तापायला लागलं आणि गाडीही तापायला लागली. पहिल्यांदा निपाणी सोडल्यावर चढाला सुई एकदम वर गेली. बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी बाजूला घेतली, थंड होईपर्यंत वाट बघितली, पाणी भरलं आणि कशीबशी माघारी आले. आजऱ्याला आई दारात पिशवी घेऊन बसून राहिली.

घरी हे गाडीभोवती एक चक्कर मारून आले. जाळीपाशी जरा थांबले, पाटीच्या मागं हात घालून बघितला. मग म्हणाले, "तुझा पाय क्लचवर असतोय सारखा. इंजिन तापणार न्हाई तर काय होणार?"

मला ते पटलं. का पटू नये? ज्या माणसानं उभी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढली, त्याला तापण्याबिपण्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळणारच. मी गॅरेजात रेडिएटर साफ करून घेतला, पाणी काढून हिरवं कूलंट घातलं, पंख्याचा पट्टा बदलला. गॅरेजवाल्यानं पाटीला हात जोडले आणि एक युक्ती सांगितली, की सुई वर जायला लागली तर गाडीतला हीटर लावा, इंजिनातली थोडी ऊब आत येईल. मी भर उन्हात काचा खाली करून हीटर लावला आणि घामानं निथळत गाडी चालवली. क्लचवरचा पाय तर इतका जपून उचलत होते की मांडीला गोळे आले. तरी त्याच चढाला पुन्हा वाफ. पुन्हा माघारी.

भाड्याची गाडी करू म्हटलं, तर हे म्हणाले, "दारात गाडी असताना भाड्याची कशाला? हुईल की दुरुस्त चार दिसांत." त्या चार दिवसांत आईच्या इंजेक्शनची तारीख निघून गेली आणि मी मनातल्या मनात किल्ली खुंटीला अडकवून टाकली. नाही जमत आपल्याला, हे एकदा मान्य केलं की माणूस निवांत होतो म्हणतात. मी काही निवांत झाले नाही. मला रडूच यायचं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, यंत्रं घासूनपुसून ठेवायची आमची पद्धत. पाटी काळवंडली होती. पितळ घासायचं तर पालथं करूनही घासायला हवं, म्हणून मी ह्यांच्या पेटीतला पाना घेतला, बोल्ट सोडले आणि पाटी न्हाणीत नेऊन चिंचेनं घासली. ती उन्हात सुकत ठेवली होती तेवढ्यात आजऱ्याहून फोन आला.

आई म्हणाली, "सकाळपास्नं डाव्या डोळ्याम्होरं काळं आलंय गं. पुसलं तरी जाईना."

ह्यांचा डोळा लागला होता. मी किल्ली घेतली आणि निघाले. पाटीची आठवणसुद्धा झाली नाही. मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या. निपाणी गेलं, चढ आला, माझा हात हीटरच्या बटणावर तयार. सुई मधोमध होती. चढ संपला तरी मधोमध. उत्तूर आलं. मला वाटलं काटाच बिघडला, म्हणून उतरून बॉनेटला हात लावला. बेतानंच गरम होतं. मी रस्त्याकडेला खुळ्यासारखी उभी राहिले. काय बदललंय हेच सुचेना.

ते आजऱ्यात पोचल्यावर आईनं सांगितलं. नेहमीसारखी ती गाडीपुढं गेली, हात फिरवला, आणि तो हात जाळीच्या फटींवरच फिरत राहिला.

"देव कुठं गेला गं?" ती म्हणाली.

मी पुढं येऊन बघितलं. उघडी जाळी, तिच्या मागं रेडिएटर, आणि मध्ये काहीच नाही. वारा सरळ आत जात होता. इतके दिवस तो देवाच्या नावावर आपटून परत फिरत होता आणि मी माझ्या पायाला शिव्या देत होते.

आईला तडक डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बराच वेळ डोळा तपासला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की मध्ये खंड पडायला नको होता, या डोळ्यानं आता उजेड आणि अंधार एवढंच कळेल, उजवा तरी सांभाळा. मी मान डोलावली. 

घरी आलो तेव्हा हे कट्ट्यावर सुकलेल्या पाटीशेजारी बसले होते. आईला खुर्चीवर टेकवून मी ह्यांना सगळं सांगायला लागले. पाटीनं वारा अडत होता, माझ्या क्लचचा काही दोष नव्हता, सुई हललीसुद्धा नाही. मला वाटलं होतं हे चकित होतील.

हे खाली बघत म्हणाले, "म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"पयल्यांदा तापून आलीस तवाच कळलंतं. हात घालून बघितला की मी. पाटीमागं सगळी धग कोंडली हुती."

 चाळीस वर्षांच्या संसारात हे रागावलेले बघितले, आजारी बघितले, खोटं बोलताना कधी बघितले नव्हते. मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?"

"तू गेलीस की मी खिडकीत बसतोय," हे म्हणाले. "छातीत जरा कळ आली तरी वाटतंय, ही परत येतीय का न्हाई. गाडी तापली की तू माघारी येत हुतीस."

ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी विरघळले असते. त्या दिवशी मला ह्या माणसाचा इतका संताप आला की माझी मलाच भीती वाटली. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगून टाकलं, आईच्या समोर, एका दमात. तोवर आईलाही सांगितलेलं नव्हतं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. इंजेक्शन दोन-चार आठवडे इकडंतिकडं झालं तर एवढं काय होतंय, असंच हे धरून चालले होते.

 मग आईनं ह्यांच्याकडं तोंड वळवलं.

"जावईबापू," ती म्हणाली, "एवढं भ्या वाटत हुतं, तर मला सांगायचं हुतं. मी ऱ्हायले असते की हितं."

ह्यांनी पाटी मांडीवर घेतली होती. ती परत कधीच गाडीला लागली नाही. दिवेलागण झाली, मी किल्ली शोधायला उठले, तर आई म्हणाली, आज नको, आणि खुर्चीतून उठायला तिनं हात पुढं केला. तो ह्यांनी धरला.