न बोलता लावलेला हात

"बर्स्ट फ्रॅक्चर आहे," डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले. "म्हणजे वरून दाब येऊन कमरेचा मणका फुटलाय. पाय हलताहेत हे नशीब समजा. सहा आठवडे पाठीवर पडून राहायचं."

"आणि निखिल?"

"कपाळाला दोन टाके. बाहेर चहा पितोय."

माझा मणका फुटला आणि हा चहा पितोय! पहिलं मनात आलं ते हे. आजारपणात माणूस शहाणा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं वाचावं.

मी हेलिकॉप्टर शिकवणारा इन्स्ट्रक्टर, निखिल माझा विद्यार्थी. हॉवरचा, म्हणजे एका जागी अधांतरी थांबण्याचा सराव चालू असताना हेलिकॉप्टर कलंडलं आणि माझ्या बाजूनं आदळलं. चौकशीत काय सांगायचं ते मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं: मुलानं स्टिक, म्हणजे हेलिकॉप्टर सांभाळायचा दांडा, सोडली. ते खोटंही नव्हतं.

नाशिकच्या वॉर्डात मला लॉग रोल करायचे. तिघांनी मिळून पेशंटला ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवायचं, कंबर पिळता कामा नये. लघवीला नळी. कुणी मोकळेपणानं खोकलं तरी मला हेवा वाटायचा. शेजारच्या खाटेवरचा तिसऱ्या दिवशी उठून बसला, तेव्हा मी रागानं जेवलोच नाही.

तुमच्या घरी कुणी असं पडलं असेल तर त्याच्या टाचांकडे रोज बघा. बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, तिथं आधी होते. आणि त्याच्यासमोर फार टुणटुणीत वावरू नका.

मग पाठीला ब्रेस, म्हणजे कडक पट्टा बांधून, जीपमध्ये आडवं घालून मला जव्हारला ताईकडे आणलं. मोखाड्याच्या घाटातला एकेक खड्डा मी शिव्या घालत मोजला. ताई जामसरच्या शाळेत शिक्षिका. निखिल दर रविवारी एसटीनं यायचा आणि ताई त्याला गरम नागलीची भाकरी वाढायची.

"गुणाचं पोर आहे रे. तुझ्यासाठी एवढ्या लांब येतं."

"माझ्यासाठी कसलं! जबाबासाठी येतं."

तो खुशाल मांडी घालून, वाकून जेवायचा. मी त्याच्या पाठीकडे बघत जळायचो.

एका रविवारी त्यानं खिशातून कागद काढला. "सर, उद्या माझा जबाब आहे. चूक माझी, मी स्टिक सोडली, असं लिहिलंय. आता मला उडवू देणार नाहीत बहुतेक. तुम्हाला दाखवून द्यावा म्हटलं."

"सोडलीस का?"

"तुमचा हात स्टिकला लागला सर. वाटलं, तुम्ही घेतलंत."

आमच्यात साधा नियम आहे. इन्स्ट्रक्टरनं मोठ्यानं "कंट्रोल माझ्याकडे" म्हणायचं, विद्यार्थ्यानं "तुमच्याकडे" म्हणायचं, मगच हात सोडायचा. मी बोललो नव्हतो.

"तू चुकत नव्हतास," मी छताकडे बघत म्हणालो. मान वळवून त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती. "आठवडाभर शिकलेला तू, आणि हेलिकॉप्टर हवेत जागचं हलत नव्हतं. मला हे यायला दोन महिने लागले होते. बघवलं नाही मला. जरासं डळमळवून मग सावरून दाखवावं, म्हणून स्टिकला धक्का दिला."

"शी!" ताई म्हणाली. एवढंच.

निखिलची भाकरी अर्धीच राहिली. मी सांगत गेलो, ताईनं लिहून घेतलं, मी पडल्या पडल्या सही केली. त्यानं स्वतःचा कागद फाडला आणि माझा घडी करून खिशात घातला.

आज मी काठीशिवाय चालतो. मला पुन्हा शिकवायला कुणी बसवलं नाही, ते योग्यच झालं. शिकवणाऱ्यांनो, विद्यार्थ्याचं चांगलं बघवत नसेल तर त्या दिवशी वर जाऊ नका.

निखिलचं लायसन्स झाल्याचं कानावर आलं. तो नंतर आला नाही. पण त्या रविवारी निघताना दारात थांबून तो म्हणाला, "लवकर बरे व्हा, सर." मनापासून म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. याचा हेवा मात्र अजून वाटतो.