ओढ्याकाठचा प्लॉट

नगररचना खात्यात तिला सगळे रेघबाई म्हणत. नकाशावर पेन टेकलं की तिचा हात दगडाचा व्हायचा, रेघ तसूभर हलायची नाही. पुढे कॉम्प्युटर आला, तीही त्यावर शिकली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. माया लावायला एक धाकटी बहीण. आईच्या माघारी तिला हिनेच वाढवलं, लग्न लावून दिलं. त्यामुळे धाकटी तोंडानं ताई म्हणायची, पण रुसायची ती आईवर रुसावं तशी.

शहर चहूकडे पसरत होतं. नव्या आराखड्यात ओढ्याच्या दोन्ही काठांची जमीन मोकळी ठेवायची, तिथे बांधकाम होऊ द्यायचं नाही, असं ठरलं. पाण्याला फुगायला जागा हवी, एवढं साधं कारण. रेघबाई हिरवा पट्टा भरत चालली होती. एका वळणावर तिचा हात थांबला. तिथे धाकटीचा प्लॉट होता, नवरा-बायकोनं पोटाला चिमटा काढून घेतलेला. मेहुणा गवंडी. दुसऱ्यांची घरं बांधता बांधता त्यानं स्वतःच्या घरासाठी दगड निवडून तिथे रचायला घेतले होते.

ती उठली, साहेबांच्या खोलीत गेली आणि सांगून टाकलं की हा तुकडा माझ्या बहिणीचा आहे, हे काम दुसऱ्या कुणाकडे द्या. साहेबांनी दिलं. रेघ जिथे पडायची तिथेच पडली. आराखडा जाहीर होईपर्यंत बाहेर बोलायची मुभा नव्हती, म्हणून ती घरीही बोलली नाही. धाकटीकडे जेवायला गेली, खिडक्या कुठे काढायच्या ते ऐकून घेतलं आणि घास गिळला.

जाहीर झाल्यावर दोघं तिच्या दारात आली. मेहुण्यानं आवाज चढवला नाही. "ताई, आधी कळलं असतं तर विकून मोकळे झालो असतो."

"आणि घेणाऱ्यानं काय करायचं होतं?"

उत्तर धाकटीनं दिलं. "घेणारा तुझा कुणी नव्हता. मी होते."

ते वाक्य रेघबाईनं रात्रभर मनात घोळवलं.

हरकतींच्या सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. ज्याची हरकत असेल त्याची जागा पडद्यावर दाखवायची, हे काम तिच्याकडे होतं. धाकटीचा नंबर आला. अधिकाऱ्यांनी कुठला प्लॉट म्हणून विचारलं. रेघबाईनं वळणावर बाण नेऊन ठेवला. धाकटी नीट बोलली, मुद्द्याचं बोलली, पण जे बोलली ते अधिकाऱ्यांकडे बघून. हरकत फेटाळली गेली. काठावरच्या सगळ्यांप्रमाणे तिलाही बदली जागा मिळाली, टेकडीच्या पायथ्याशी. दोन रस्त्यांच्या बेचक्यात उरलेला तिरका तुकडा होता तो. त्यासाठी रेघबाईनं कुणाकडे शब्द टाकला नव्हता, आणि धाकटीनं तो मागितलाही नव्हता.

त्यानंतर येणं-जाणं तुटलं. बाजारात गाठ पडली तर धाकटी मान डोलवायची आणि पुढे जायची. मेहुणा तेवढा थांबून तब्येतीची चौकशी करायचा.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. धाकटी एकटीच आली होती. उंबऱ्यातूनच म्हणाली, "तीनकोनी जागेत घर बसत नाहीये. ह्यांनी चारदा आखलं. तू बघ."

रेघबाईनं टेबलावरचं सगळं एका हातानं बाजूला सारलं आणि कागद अंथरला. निमुळत्या टोकाला तिनं न्हाणीघर ढकललं, जिना आडवा घेतला. धाकटी आधी उभी होती, मग खुर्ची ओढून बसली.

"स्वयंपाकघर इकडे नको, अंधारात चूल फुंकत बसू का मी?"

"तिकडे घेतलं तर झोपायला जागा उरत नाही."

"त्याचं काय ते हे बघतील. मला उजेड हवा."

वाद बराच वेळ चालला. चहा दोनदा झाला. ओढ्याचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही, नंतरही कधी काढलं नाही. घर बांधून झालं, त्यात स्वयंपाकघर धाकटीनं सांगितलं तिथेच आलं, आणि झोपायची खोली खरंच अरुंद झाली. मेहुणा कधीमधी त्यावरून दोघींना एकदमच टोमणा मारतो. तेव्हा मात्र दोघी एक होतात आणि त्याला बोलू देत नाहीत.