मल्लय्याच्या घरची पाच गिलास कापी

नातेपुत्यातनं सोलापूरला निघालो आन् बसलो फलटणच्या गाडीत. कंडक्टर वरडला, "पाटी वाचली न्हाईस व्हय?"

म्हणलं, "वाचता येत असतं तर मीच कंडक्टर झालो असतो की!"

त्यानं खाली उतरवलं. सोलापूरची गाडी घावस्तवर ऊन डोक्यावर आलं.

काम नाजूक होतं. धाकटा भाऊ बिरू कुवेतला गेलेला. आठ म्हैने खबर न्हाई. आई निम्म्या भाकरीवर आलती. बिरू आदी सोलापुरात मल्लय्या विणकराच्या मागावर कांड्या भरायचा. मल्लय्याच्या पोरानंच त्याला तिकडं नेला. बिरूबी माज्यावानी अंगठेबहाद्दर. म्हणून त्याची खबर त्या पोराच्या तेलुगू पत्रातनं यायची, आन् मल्लय्या आमाला कार्ड धाडायचे.

सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात उतरलो. मागाच्या आवाजावर घर शोदू म्हणलं, तर त्या पेठेत घरोघर माग! तीन घरात चुकीचा पावना झालो, तवा चौथं गावलं.

"पत्र परवाच आलं," मल्लय्या म्हणाले. "पण आधी कापी घ्या."

त्या पोराच्या बायकोनं, म्हंजे त्यांच्या सुनेनं, वाटीत गिलास ठिवून कापी (कॉफी) दिली. आमच्यात भांड्यात उष्टं ठिवलं तर घरधनिणीचा अपमान, म्हणून मी गिलास रिकामा केला. त्यांच्यात रिकामा गिलास दिसला की भरायचा. तिनं भरला, मी पिलो. तिनं भरला, मी पिलो. पाचव्याला कान तापले.

पत्र वाचता वाचता मल्लय्या हसायलाच लागले. "तुमचा भाऊ पण असाच! तिकडं कप हलवल्याशिवाय कहवा (बिनदुधाची कापी) ओतायचं थांबत नाहीत. यानं अकरा कप पिले! शेठ हसून म्हणाला, याला कहवा वाटायलाच ठेवा."

"आन् यायचा कदी?"

मल्लय्यांचं हसू गेलं. "करार वाढवला. दोन वर्षं. माझा पोरगा पण त्याच्यासंगंच."

सून भांडं घिऊन आत गेली. पुन्ना भाईर आली न्हाई.

परतीच्या गाडीत मी थाप घोकत होतो: 'दिवाळीला येतोय.' गावात माज्या थापांना तोड न्हाई. पर दारात आई हुबी. तोंड बगितलं आन् खरंच बोलून बसलो, "बरा हाय. दोन वर्सांनी येतोय."

आई चुलीम्होरं बसली. मग भाकरीची दुरडी वडली, अख्खी भाकरी घेतली.

"आये, वाईट न्हाय वाटलं?"

"वाटलं की. पर येड्या, जित्ता हाय का मेला, ते मोजता येत न्हाई. दोन वर्सं मोजता येत्यात."