खिशातले खडू

थेरगावच्या बसथांब्यावर सकाळी एक गृहस्थ भेटायचे. पन्नाशीचे, बोलण्यात कोकणी हेल आणि शर्टाच्या खिशात कायम दोन पांढरे खडू. मास्तर असणार, असं परस्पर ठरवून मी रोज 'नमस्कार सर' म्हणायचो. तेही हसून मान डोलवायचे.

एकदा थांब्यावरच्या लोखंडी बाकाच्या जोडावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि नाक मुरडलं.

"सर, कुठल्या शाळेत शिकवता?"

"शाळा कसली हो! मी वेल्डर."

सव्वीस वर्षं त्यांनी सरकारी गोदीत जहाजं बांधली होती. गोदी तोट्यात गेली, सरकारनं ती विकली आणि नव्या मालकानं अर्धी माणसं घरी पाठवली. आता ते चाकणला पाण्याचे टँकर जोडत होते. खडू ही गोदीतली सवय. जोडाला एका बाजूनं खडू फासायचा, दुसऱ्या बाजूनं रॉकेल लावायचं. बारीकसं भोक असलं तरी खडूवर डाग उमटतो. वेळ घालवतो म्हणून चाकणचा साहेब त्यांच्यावर ओरडायचा.

आमचीही कंपनी विकणार अशी कुजबुज होती, म्हणून मी विचारलं, "तरी करताच?"

"मालक बदलला म्हणून पाणी बदलतं काय? भोक मिळालं की ते येणारच बाहेर."

तेव्हापासून मी त्यांना काका म्हणू लागलो.

परवा त्यांच्या हातात खडूंचा अख्खा खोका होता.

"काका, एवढे खडू?"

"साहेबानं नव्या वेल्डरांना शिकवायला सांगितलंय." ते खोका सावरत बसमध्ये चढले आणि दारातून वळून म्हणाले, "आता सर म्हणालात तरी चालेल."